लहरींचं गायरान: इंदूरच्या कॉलनीत मोजणी कशी करायची आणि ट्रायपुढे कशी मांडायची

लोकमान्यनगरातल्या एखाद्या मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, रात्री नऊच्या सुमारास फोनवर वायफायची यादी उघडा. बोट दुखेपर्यंत नावं सरकवावी लागतील. ही सगळी मंडळी ज्या पट्ट्यात दाटीवाटीने बसली आहेत तो कुणी विकत घेतलेला नाही. त्याला परवाना नाही, भाडं नाही. गावाच्या गायरानासारखा, आपल्या मध्य प्रदेशातल्या महसुली भाषेत चरनोईसारखा. शेजारची जमीन महाग झाली की चरनोईकडे नजरा वळतात, तसंच इथेही चाललं आहे.

ओरडून ते थांबत नाही. मोजणी करून, आकडे लावून, योग्य टेबलावर योग्य मुदतीत कागद गेला तर त्याचा उपयोग होतो. त्यासाठी एक अँड्रॉइड फोन, एक लॅपटॉप, पंधरा मीटर लॅन केबल आणि आठवडाभर रोजचा अर्धा तास पुरतो.

मोकळं नेमकं काय आहे

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने तो घराबाहेरच्या वापरालाही परवानामुक्त झाला. ट्रान्समीटरची शक्ती १ वॅटपर्यंत, अँटेनाचा जोर धरून ४ वॅट म्हणजे ३६ डीबीएम (डीबीएम हे सिग्नलचा जोर मोजायचं एकक), आणि अँटेना अधिकृत इमारतीच्या गच्चीपासून ५ मीटरपेक्षा वर नाही, अशा त्याच्या अटी आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधले चार तुकडे मोकळे झाले: ५१५०–५२५०, ५२५०–५३५०, ५४७०–५७२५ आणि ५७२५–५८७५. एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. तिसरा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झचा. तो आधी ८६७ पर्यंत होता, २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढला. मीटर, टॅग आणि सेन्सरवाल्यांच्या तो कामाचा, वायफायच्या नाही.

या सगळ्या अधिसूचनांतली एक ओळ कुणी वाचत नाही. वापर सामायिक आहे आणि त्याला संरक्षण नाही. शेजाऱ्याच्या राउटरने तुमचं वायफाय मारलं तर तक्रारीचा हक्क नाही. तुमच्यामुळे परवानाधारकाला त्रास झाला तर मात्र शक्ती कमी करणं, जागा बदलणं हे तुमच्याच गळ्यात. म्हणून अर्जात ‘आमच्या हक्काच्या लहरींवर अतिक्रमण’ असं लिहू नका. वाचणारा अधिकारी हीच ओळ काढून दाखवेल आणि पुढचं पान उलटणारच नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. लहर मोकळी आहे म्हणजे इंटरनेट विकायला मोकळीक आहे असं नव्हे. शेजाऱ्यांना पैसे घेऊन इंटरनेट द्यायचं असेल तर पीएम-वाणीची वाट आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत किराणा दुकानदारसुद्धा परवाना न काढता पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे छोटं वायफाय केंद्र, चालवू शकतो.

दाब कुठून येतो

सगळ्यात मोठी ओढाताण ६ गिगाहर्ट्झची आहे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ हा अख्खा १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा वायफायला खुला केला. युरोपने खालचा भाग दिला. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांची संघटना सीओएआय हा पट्टा मोबाइलसाठी मागत आली, आणि ब्रॉडबँड इंडिया फोरम तो मोकळा करा म्हणत आला. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मसुदा नियम काढले ते फक्त ५९२५–६४२५ साठी: घरात ३० डीबीएमपर्यंत, घराबाहेर अगदी कमी शक्तीच्या उपकरणांना १४ डीबीएम. याच भागात उपग्रहांकडे जाणारे सिग्नल चालतात, म्हणून शक्तीवर एवढा लगाम. यातलं उपकरण घेण्याआधी राजपत्रातला अंतिम मजकूर आणि उपकरणाची ईटीए ही मंजुरी पाहा. परदेशातून आणलेल्या राउटरचा भरवसा धरू नका.

वरच्या भागाची गोष्ट वेगळी. दुबईतल्या २०२३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर त्याचा कल मोबाइलकडे झुकला. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, लिलावाबद्दल लोकांची मतं मागवणारा जो कन्सल्टेशन पेपर काढला त्यात ६४२५–६७२५ आणि ७०२५–७१२५ हे तुकडे होते.

दुसरा दाब कमी दिसतो. मोबाइलच्या मानकांमध्ये २०१६ च्या रिलीज १३ पासून एलएए नावाची सोय आहे. कंपनी स्वतःच्या विकत घेतलेल्या लहरीवर नियंत्रण ठेवते आणि डेटाचा लोंढा परवानामुक्त ५ गिगाहर्ट्झमध्ये सोडते. बोलण्याआधी ऐकायचं हे बंधन तिच्यावर आहे. तरी पैसे एका जमिनीचे भरून गुरं चरनोईत सोडण्याचाच हा प्रकार.

तिसरा दाब तुमच्या जिन्यात आहे. ब्रॉडबँडवाला राउटर लावून जातो तो पूर्ण शक्तीवर, २.४ मध्ये ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर, आणि कधी कंपनीच्या स्वतःच्या हॉटस्पॉटचं जादा नाव चालू ठेवून. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनलं मुळात तीनच, १, ६ आणि ११. ४० ची रुंदी घेणारा त्यातली दोन खातो.

मोजणी

आधी तारेने तपासा. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि वेग घ्या. तारेवरही वेग पडलेला असेल तर दुखणं केबलवाल्याचं आहे, लहरीचं नाही. ही पायरी चुकवली की पुढची सगळी मोजणी वाया जाते, कारण समोरचा पहिला हाच प्रश्न विचारतो. वेळ, तारेवरचा वेग आणि त्याच मिनिटातला वायफायवरचा वेग, तिन्ही लिहा.

मग फोन. कोणतंही वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप चालेल, पण त्याआधी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग’ बंद करा. अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच स्कॅन मिळतात, आणि ही अट उठवायची सोय अँड्रॉइड १० पासून आली. ती चालू राहिली तर पडद्यावर जुनीच यादी दिसत राहते आणि माणूस खालच्या मजल्याचे आकडे वरच्या मजल्यावर लिहून मोकळा होतो. आयफोनवर अशी अ‍ॅप नीट चालत नाहीत, तो घरी ठेवा.

इमारतीत तीन जागा ठरवा: तळमजला, मधला मजला, वरचा मजला. तिन्ही ठिकाणी जमिनीपासून छातीच्या उंचीवर, स्टुलावर फोन ठेवा. हातात धरला की शरीर सिग्नल अडवतं. मिनिटभर थांबा. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री साडेनऊ, असं सात दिवस. अनंत चतुर्दशीच्या झांकीची रात्र किंवा राजवाड्यावर गेर निघते तो रंगपंचमीचा दिवस मोजायला मजा येते, कारण गर्दीतल्या फोनांचे हॉटस्पॉट पट्टा तुडुंब भरतात. पण ते आकडे वेगळ्या पानावर ठेवा. सणाचा आकडा सरासरीत घातला की अख्खी मोजणी संशयात येते.

यादीतलं सगळं मोजायचं नाही. उणे ८२ डीबीएम किंवा त्याहून जोरदार (म्हणजे शून्याच्या अधिक जवळचं) तेवढंच धरा. साधारण त्या पातळीपर्यंतचं शेजारचं बोलणं ऐकू आलं की तुमचा राउटर थांबतो. उणे ९० वर दिसणारी नावं डोळ्यांना दिसतात, पण रांगेत उभी नसतात. शिवाय नावं आणि रेडिओ, म्हणजे राउटरमधले प्रत्यक्ष प्रक्षेपक, वेगवेगळे मोजा. एकाच राउटरची दोन-तीन नावं असतील तर यादीत नावाखाली दिसणाऱ्या त्यांच्या मॅक पत्त्यात बहुधा एखाद-दुसरा अंकच बदललेला असतो.

नावं वेगळी का मोजायची? प्रत्येक नाव दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतं. २.४ मध्ये जुन्या उपकरणांसाठी ही हाळी १ मेगाबिटच्या वेगाने दिली जाते. ३०० बाइटची हाळी म्हणजे २४०० बिट, साधारण अडीच मिलिसेकंद. म्हणजे एका नावाने अडीच टक्के वेळ खाल्ला. एका चॅनलवर वीस नावं असली तर कुणी एक फोटोही न पाठवता निम्मी वेळ हाळीतच जाते. तीच हाळी ६ मेगाबिटने दिली तर एका नावाला अर्ध्या टक्क्याहून कमी वेळ लागतो.

पुष्कळ राउटर आपल्या हाळीतच चॅनल किती व्यापलं आहे हेही सांगतात. अ‍ॅपमध्ये ‘बीएसएस लोड’ किंवा ‘चॅनल युटिलायझेशन’ शोधा. आकडा ० ते २५५ मध्ये असतो, त्याला २५५ ने भागा. १२८ म्हणजे निम्मं. थेट टक्के समजून १२८ लिहिलेले तक्ते पाहायला मिळतात, आणि ते पाहून वाचणारा हसतो.

याहून पक्का आकडा लिनक्स लॅपटॉप किंवा ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली टाकलेल्या राउटरवर मिळतो. आयडब्ल्यू या साधनातला सर्व्हे डंप प्रत्येक चॅनलसाठी ऐकलेला वेळ आणि व्यग्र वेळ मिलिसेकंदांत देतो. हे मोजणी-आकडे सतत वाढत जातात, म्हणून साठ सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्या आणि वजाबाकी करा. ऐकलेला वेळ ६०,००० ने वाढला आणि व्यग्र ४०,२०० ने, तर चॅनल ६७ टक्के भरलेलं. त्यातून आपल्याच प्रक्षेपणाचा वेळ वजा करायला विसरू नका. व्यग्र वेळ जास्त पण वायफाय म्हणून ऐकलेला वेळ कमी असेल, तर गोंगाट वायफायचा नाही. बहुधा २४५० च्या आसपास चालणारा मायक्रोवेव्ह ओव्हन किंवा वायरलेस कॅमेरा निघतो. काही चिप फक्त चालू चॅनलचेच आकडे देतात. तशा चिपवर चॅनल बदलून एकेकाची वेगळी मोजणी करावी लागते.

चॅनल १ वर सगळीकडे गोंगाट आणि ११ वर नाही असं दिसलं तर खिडकीतून टॉवर शोधा. २३०० ते २४०० हा मोबाइलचा पट्टा २.४ च्या उंबऱ्याला अगदी टेकून आहे. टॉवर जवळ असला आणि राउटरमधला फिल्टर स्वस्तातला असला की त्या जोराने चॅनल १ बधिर होतं. यात टॉवरवाल्याचा दोष असेलच असं नाही. तोडगा म्हणून ११ घ्या, आणि तक्त्यात टॉवरचं अंतर अंदाजे मीटरमध्ये लिहा.

तक्त्यातली एक ओळ अशी दिसावी (आकडे नमुन्याचे):

मधला मजला, मंगळवार, रात्री ९.३०, चॅनल ६: उणे ८२ च्या वर २३ नावं, १४ रेडिओ, त्यातले ५ रेडिओ ४० मेगाहर्ट्झ रुंद, बीएसएस लोड १६६ म्हणजे ६५ टक्के, तारेवर ९४ मेगाबिट, वायफायवर ११.

यात कुणाच्या वायफायचं नाव नाही, पूर्ण पत्ता नाही. लोक नावातच आडनाव आणि फ्लॅट नंबर घालतात. ते सरकारी संकेतस्थळावर छापलं जायला नको. कच्चा तक्ता घरी ठेवा, बाहेर मोजकाच पाठवा.

आधी आपलं अंगण

अर्ज करण्याआधी स्वतःच्या मल्टीत झाडलोट करून घ्या, आणि आधीचे-नंतरचे आकडे दोन्ही ठेवा. साफसफाई करूनही चॅनल भरलेलंच राहिलं तरच तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

सगळ्या राउटरवर २.४ ची रुंदी २० करा. मजल्यामजल्यावर १, ६, ११ अशी चॅनलं फिरवून वाटा आणि तक्ता नोटीस बोर्डावर लावा. ३ किंवा ८ सारखं मधलं चॅनल ‘रिकामं दिसतं’ म्हणून घेणारा हुशार प्रत्येक इमारतीत एक असतो. तो दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना छळतो आणि स्वतःही सुखी होत नाही. सेटिंगमध्ये ‘बी/जी/एन’ ऐवजी ‘जी/एन’ निवडता आलं तर १ मेगाबिटची हाळी बंद होते. घरात फार जुना प्रिंटर नसेल तर बिनधास्त करा. पाहुण्यांचं वेगळं नाव लागेल तेव्हाच चालू ठेवा. टीव्ही आणि डेस्कटॉप तारेवर न्या. सगळ्यात जास्त फरक याने पडतो, आणि सगळ्यात जास्त कंटाळाही याचाच केला जातो.

५ गिगाहर्ट्झमध्ये ५२५० ते ५७२५ मधली चॅनलं रडारसोबत वाटून घ्यायची असल्याने राउटर आधी निदान एक मिनिट नुसतं ऐकतो. तेवढा वेळ नाव दिसत नाही, आणि लोक ‘बिघडला’ म्हणून परत चॅनल ३६ वर जातात. म्हणूनच ३६ वर गर्दी आणि १०० च्या पुढे शुकशुकाट असतो. मिनिटभर धीर धरा. जोर वाढवण्यासाठी राउटरचा देश बदलून ठेवण्याची युक्ती कुणी सांगेल, ती करू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय असा एक राउटर सापडला की तुमच्या अर्जाचं पोट फुटतं.

कागद कसा लिहायचा

ट्रायची रीत अशी. कन्सल्टेशन पेपर निघतो, त्यात क्रमांक घातलेले प्रश्न असतात. साधारण चार आठवडे म्हणणं मांडायला, मग दोनेक आठवडे दुसऱ्यांच्या म्हणण्याला उत्तर द्यायला, मग ओपन हाउस म्हणजे खुली चर्चा, मग सरकारला शिफारस. शेवटचा शब्द दूरसंचार विभागाचा. मसुदा नियम आले तर पत्ता आणि मुदत राजपत्रातच दिलेली असते, तिथे कागद ट्रायला पाठवून उपयोग नाही. हिंदीत लिहिलं तरी चालतं. इंदूरकरांना त्याची अडचण नाही.

पन्नास जणांनी एकच मजकूर पाठवला तर तो एकच धरला जाण्याची भीती असते. त्यापेक्षा मंडळाच्या किंवा रहिवासी संघाच्या लेटरहेडवर, ठराव करून, एक कागद पाठवा. चार पानं पुरे. प्रश्नाचा क्रमांक, तुमचं उत्तर एका वाक्यात, कारण, तक्ता, आणि नेमकी मागणी. पीडीएफ टाइप केलेली असू द्या. स्कॅन केलेल्या फोटोत शब्द शोधता येत नाहीत.

एका उत्तराचा नमुना:

‘प्रश्न क्र. … : वरच्या ६ गिगाहर्ट्झचा लिलाव आत्ता करू नये. आमच्या इमारतीत सात दिवसांच्या मोजणीत, २० मेगाहर्ट्झची शिस्त लावल्यानंतरही, रात्री चॅनल ६ सरासरी … टक्के व्यापलेलं होतं (तक्ता १). ५ गिगाहर्ट्झमध्ये १६० मेगाहर्ट्झची दोनच चॅनलं मिळतात. खालच्या ५०० मेगाहर्ट्झमध्ये तशी तीन, आणि ३२० मेगाहर्ट्झचं एकच मिळतं. अख्ख्या १२०० मध्ये अनुक्रमे सात आणि तीन मिळाली असती. किमान घरातल्या कमी शक्तीच्या वापराला वरच्या भागात सामायिक मुभा असावी.’

‘एकच ३२०’ हा मुद्दा सगळ्यात धारदार आहे. वायफाय ७ चा राउटर ज्या रुंदीच्या जाहिरातीवर विकला जातो ती रुंदी इमारतीत एकालाच मिळणार, हे कुणालाही कळतं.

समोरून ‘सरकारचं उत्पन्न बुडेल’ हे उत्तर येणारच. जून २०२४ च्या लिलावात सुमारे १०,५२२ मेगाहर्ट्झ मांडले होते आणि गेले साधारण १४१. विकायला ठेवलेलं पडून असताना वापरात येऊ शकणारं आणखी कशाला अडवायचं, एवढंच विचारा. मात्र मोबाइलची गरज खोटी आहे असं लिहू नका. ती खरी आहे, आणि तुमच्या वाचकाला ते ठाऊक आहे.

फेब्रुवारी १९९५ चा क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हमखास उद्धृत होतो: लहरी ही सार्वजनिक मालमत्ता. बरोबर, पण न्यायालयाने त्या फुकट द्या असं म्हटलेलं नाही. सार्वजनिक हितासाठी सार्वजनिक संस्थेने त्यांचं नियमन करावं असं म्हटलं आहे. उलट फेब्रुवारी २०१२ च्या टूजी निकालाचा आधार लिलाववाले घेतात. त्याला उत्तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या संदर्भावर दिलेल्या मतात आहे: नैसर्गिक साधनसंपत्तीला लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नाही. तिन्हींचा उल्लेख दोन ओळींत करा. निकाल पानभर उतरवून काढू नका.

दुसऱ्या फेरीकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि खरी संधी तिथेच असते. सगळ्यांची म्हणणी ट्रायच्या संकेतस्थळावर येतात. मोठ्या कंपन्यांच्या कागदांत ‘५ गिगाहर्ट्झ भारतात रिकामंच आहे’ अशा अर्थाचं वाक्य शोधा, पान क्रमांक द्या, आणि खाली तुमचा तक्ता लावा. घरांमधले मोजलेले आकडे सहसा कुणाकडेच नसतात, म्हणून एका मल्टीचा तक्तासुद्धा डोळ्यांत भरतो. फक्त एका इमारतीवरून ‘अख्ख्या इंदुरात’ असा निष्कर्ष काढू नका. राजेंद्रनगर आणि सुदामानगरातल्या आणखी दोन-तीन मल्ट्या याच पद्धतीने मोजून घ्या आणि सगळे तक्ते शेजारीशेजारी ठेवा.

निर्णय झाल्यावर तो कशावर आधारला हे पाहायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘लिलाव का केला’ असं विचारलं तर ‘मत मागता येत नाही’ असं उत्तर येतं. ‘अमुक पट्ट्याच्या वापराबद्दल विभागाकडे असलेल्या मोजणी-अहवालांच्या प्रती द्या’ असं विचारा. अहवालच नसतील तर तसं लेखी मिळतं, आणि ते पुढच्या कन्सल्टेशनला जोडता येतं.